अल्कलाइन पाणी आणि खानझोडे मास्तरांची गोळी

सुलेखा टिपणीसने एखादी गोष्ट मनावर घेतली की त्या गोष्टीची सुटका नसे. अमेरिकेत एडिसनला आल्यावर तिने गाडी शिकायचं मनावर घेतलं. रोड टेस्टला ती इतक्यांदा नापास झाली की परीक्षा घेणारा गोरा साहेब तिला नावाने ओळखायला लागला. दुसरी एखादी बाई नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर जन्म काढायला तयार झाली असती. सुलेखा दर वेळी लायसन्स ऑफिसच्या खिडकीवर जाऊन पुढची तारीख घेऊन यायची. शेवटी ती पास झाली तेव्हा तिच्यापेक्षा साहेबालाच जास्त आनंद झाला, असं तिचा नवरा विनय सांगतो. विनयला मीठमसाला लावून सांगायची सवय आहे, पण बाई तशीच होती हे खरं.

पंचेचाळिशी उलटली आणि डॉक्टरीणबाईंनी तिला साखर काठावर आल्याचं सांगितलं. रोज चाला म्हणाल्या. घराजवळच हायस्कूलचा ट्रॅक होता आणि सकाळी शाळा भरण्याआधी तो सगळ्यांना मोकळा असे. सुलेखा तिथे जायला लागली, म्हणजे कानाला सेलफोन लावून सांगलीच्या बहिणीशी बोलत फेऱ्या मारायला लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागून एक खणखणीत आवाज आला.

"बाई, तुम्ही चालून राहिल्या की गप्पा मारून राहिल्या? दोन्हीतलं एक काहीतरी धड करा ना."

सुलेखाने रागाने वळून पाहिलं. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, काटक, पाठ ताठ, हात मागे बांधलेले. हे पुरुषोत्तम खानझोडे. उभा जन्म नागपूरच्या एका शाळेत पी.टी.चे मास्तर म्हणून उन्हात उभे राहण्यात गेला. पत्नी गेल्यावर मुलगा संजय त्यांना अमेरिकेत घेऊन आला. संजय आयटीतला, सोमवार ते गुरुवार दुसऱ्याच गावी क्लायंटकडे. घरात सून हिमानी, आणि तीही दिवसभर ऑफिसात. मास्तरांना इथे ना शाळा होती, ना शिटी, ना रांगेत उभं करायला पोरं. त्या सकाळी त्यांना सुलेखा सापडली.

तिने फोन बंद केला तो रागाने. पण फेरी नीट मारली. मास्तर म्हणाले, "आता त्या खांबापर्यंत पळ." तिने सांगितलं, मी लग्नानंतर पळालेले नाही. "लग्नाशी काय घेणंदेणं आहे बाप्पा? पाय लग्नाआधीचेच आहेत ना?" आठवड्याभरात ती त्यांना काका म्हणू लागली होती. वर्षाच्या आत ती न थांबता इतकी पळू लागली की विनयला बरोबर ये म्हटलं की त्याचा गुडघा दुखायला लागे. काकांनीच एक दिवस सांगितलं, की पुढच्या ऑक्टोबरात समुद्रकाठच्या गावात हाफ मॅरेथॉन असते, नाव दे. ती म्हणाली, देते. आणि एकदा ती देते म्हणाली म्हणजे झालंच.

आता यात पाणी कुठून आलं ते सांगायला हवं. २००७ची संक्रांत. मराठी मंडळातली वल्लरी नावाची एक उत्साहमूर्ती होती. तिने त्या वर्षी हळदीकुंकवाला बायकांना घरी बोलावलं, आणि तिळगूळ देऊन झाल्यावर सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर एक चकचकीत मशीन, तिने विकायला घेतलेलं. नळाचं पाणी त्यातून गेलं की अल्कलाइन होतं, असं वल्लरी म्हणाली. मग तिने तीन ग्लास मांडले. एकात पाण्यासारखा पातळ केलेला कोला, एकात नळाचं पाणी, एकात मशीनचं. प्रत्येकात कसलेसे थेंब टाकले. कोला नारिंगी झाला, नळाचं पाणी हिरवं आणि मशीनचं पाणी छान जांभळं. बायकांनी "अय्या!" केलं. वल्लरीचा आवाज चढला. आपली शरीरं चहा-कॉफीने, तळकट खाण्याने, टेन्शनने ॲसिडिक झाली आहेत. हे पाणी ते ॲसिड धुऊन काढतं. गुडघे, पित्त, बीपी, थकवा, सगळ्यावर चालतं. आणि खेळाडूंचा तर यावर दम दुप्पट होतो. निघताना तिने प्रत्येकीला वाण म्हणून रिबन बांधलेली एक बाटली दिली. वाण नको कसं म्हणणार? तिथेच वल्लरी जिंकली.

वल्लरी लबाड होती असं कुणी समजू नये. तिचा त्या पाण्यावर मनापासून विश्वास होता, आणि सुलेखावर तिची माया होती. "सुलेखाताई, तुम्ही ॲथलीट आहात, तुम्हाला मी दर शनिवारी कॅन आणून देणार, नाही म्हणायचं नाही," असं म्हणून ती खरोखर दर शनिवारी कॅन दारात आणून ठेवू लागली. सुलेखाला जन्मात कुणी ॲथलीट म्हटलं नव्हतं. तिने कॅन ठेवून घेतला.

पण त्या पाण्याची चव तिला सोसेना. पेला साबणाने धुऊन नीट विसळला नाही की पाणी लागतं, तसं काहीतरी लागायचं. टाकून द्यावं तर वल्लरीचं प्रेम. मग तिने आपल्या घरचा उपाय केला. बाटलीत लिंबू पिळलं, मीठ टाकलं, साखरेची नुसती चिमूट टाकली, आणि ते सरबत घेऊन ट्रॅकवर जाऊ लागली. उन्हातून आलेल्या माणसाला लिंबू-सरबत हे तिच्या रक्तातच होतं. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली बाई ही, सांगलीच्या कॉलेजात लिटमसचे कागद लाल-निळे करून हात रंगवलेली. पण अल्कलाइन पाण्यात लिंबू पिळताना तिच्या डोक्यात एकदाही काही चमकलं नाही. स्वयंपाकघरात शिरलं की पदवी दाराबाहेर राहते, हे फक्त तिचंच आहे असंही नाही.

उन्हाळ्यात ती चांगली पळू लागली. वल्लरी जिथे जाईल तिथे सांगू लागली, "आमच्या सुलेखाताई बघा. या वयात! कशामुळे? पाणी." आणि एकदा मंडळाच्या पिकनिकला चारचौघांत वल्लरीने थेट विचारलं, "फरक पडला ना ताई?" सगळे तिच्याकडे बघत होते. भिडेला पडून म्हणा, कौतुकाने सुखावून म्हणा, सुलेखा म्हणाली, "हो, दम कमी लागतो खरा." त्या घोळक्यात मागे काका कणीस खात उभे होते.

ऑगस्टच्या शेवटी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात मोदकाची पिठी घेताना तिला हिमानी भेटली. हिमानीचा चेहरा उतरला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने ट्रॉली बाजूला ओढली.

"ताई, तुम्ही बाबांना जरा सांगाल का? तुमचं ऐकतात ते. त्यांनी बीपीच्या गोळ्या बंद केल्यात."

"बंद? कधीपासून?"

"पिकनिकनंतर. मला परवा कळलं. वल्लरीकडून मशीन आणलंय, दिवसभर तेच पाणी पितात. काल मी जबरदस्तीने बीपी घेतलं तर वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे. मी म्हटलं डॉक्टरांकडे चला, तर म्हणतात, सुलेखा बघ कशी पळते, ती काय गोळ्यांवर पळते?"

सुलेखाच्या हातातली पिठीची पिशवी तशीच राहिली. एक वाक्य, तेही धड खरं नसलेलं, तिने पिकनिकला हसत हसत टाकलं होतं. आणि एक म्हातारा माणूस त्याच्या भरवशावर रोज सकाळी गोळीशिवाय उठत होता. तिला स्वतःचा इतका राग आला की पैसे देऊन सामान काउंटरवरच विसरून ती गाडीत येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर तिने सरळ विषय काढला. काका आधी ऐकूच आलं नाही असं करून दोन पावलं पुढे गेले. मग थांबले.

"तुला माहीत आहे, त्या गोळ्यांनी माझे पाय सुजतात? संध्याकाळपर्यंत घोटा दिसत नाही. बूट चढत नाही. मी म्हणजे पायांवर जगलेला माणूस, सुलेखा. आता बघ, पाय बघ माझे. हलके झाले."

"पाय हलके झाले ते गोळी बंद केल्यामुळे, काका. पाण्यामुळे नाही. बीपी तसंच आहे ना वर."

"तूच तर म्हणाली होती, दम कमी लागतो."

काका विजयी मुद्रेने पुढची फेरी मारायला निघाले.

पण गप्प बसणारी बाई ही नव्हे. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सविस्तर विचारलं. त्या म्हणाल्या, पाणी म्हणून प्यायला हरकत नाही, पण मुळात पोटातच इतकं कडक ॲसिड असतं की असलं पाणी तिथे गेल्यावर त्याचा अल्कलाइनपणा फार टिकत नाही. रक्ताचं ॲसिड-अल्कली शरीर स्वतःच सांभाळतं, फुप्फुसं आणि किडन्या ते काम करतात. पाण्याने बीपीची गोळी सुटेल किंवा पळण्याचा दम दुप्पट होईल, असा भरवशाचा पुरावा त्यांनी तरी पाहिलेला नव्हता. "आणि गोळीने पाय सुजत असतील तर डोस बदलता येतो, दुसरी गोळी देता येते. त्यांनी परस्पर बंद करू नये. येऊन भेटायला सांगा, लवकर."

फोन ठेवल्यावर सुलेखा ओट्यापाशी गेली. सवयीने बाटली भरली, सवयीने लिंबू कापलं, आणि अर्धं लिंबू हातात घेऊन तशीच उभी राहिली. इतक्या महिन्यांनी सांगलीची प्रयोगशाळा तिला आत्ता आठवली. मग तिला हेही आठवलं, की जुलैत वल्लरी महिनाभर भारतात गेली होती, कॅन आलेच नव्हते, आणि त्याच महिन्यात ती सगळ्यात चांगली पळाली होती. ती एकटीच खो खो हसली. विनय बाहेरून ओरडला, काय झालं? "काही नाही," ती म्हणाली, "मी गाढव आहे."

आता हातात पुरावा होता. त्या वर्षी गणपती नेमके शनिवारी आले, त्यामुळे हिमानीकडे आरतीला घर भरलं होतं. वल्लरी होतीच, आणि तिच्या पर्समध्ये थेंबांची बाटलीही होती. ती ते थेंब कुंकवाच्या कोयरीसारखे सगळीकडे घेऊन फिरायची. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, आणि सुलेखा आपली पळायची बाटली आणि एक ग्लास घेऊन काकांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"काका, हेच पाणी पिऊन मी संक्रांतीपासून पळतेय. तुझंच आहे हे, वल्लरी. टाक तुझे थेंब."

वल्लरीने आनंदाने थेंब टाकले. ग्लासातलं पाणी नारिंगी झालं. जांभळं नाही, हिरवंही नाही. संक्रांतीला कोला झाला होता तसंच चक्क नारिंगी.

"हे माझं पाणी नाही," वल्लरी म्हणाली.

"तुझंच आहे. फक्त मी त्यात लिंबू पिळते. पहिल्या दिवसापासून. मी अल्कलाइन पाण्याचा एक घोटही कधी धड प्यायले नाही काका. मी आंबट पाण्यावर पळाले."

सुलेखाला वाटलं, झालं काम. पण वल्लरीने एक क्षणच श्वास घेतला. मग तिचा चेहरा उजळला. "अहो ताई, लिंबू! लिंबू बाहेर ॲसिडिक असतं, पण पोटात गेलं की अल्कलाइन होतं. म्हणजे तुम्ही तर डबल अल्कलाइन घेत होतात!"

सगळे हसले. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. काकांनी मांडीवर थाप मारली, "बघ! बघ बाप्पा, म्हणूनच पळते ही!" आणि हिमानीला सगळ्यांसाठी लिंबू-पाणी करायला सांगितलं. लिंबाने जर काम होत असेल तर एवढं मोठं मशीन कशाला, हे उत्तर सुलेखाला सुचलं, पण ते गाडी आपल्या ड्राइव्हवेत शिरताना. तिने स्टिअरिंगवर हात आपटला.

रविवारी ती वल्लरीकडे गेली. भांडायला गेली, असं म्हणायला हरकत नाही.

"मशीन तुला विकायचं तिथे विक. पण माझं नाव घ्यायचं नाही. आणि काकांना तू स्वतः सांग, की गोळ्या घ्या."

वल्लरीचे डोळे भरून आले. "ताई, मी कधी कुणाला गोळ्या बंद करा म्हटलंय का? माझ्या आईला मी सांगेन का असं?"

"नाही म्हटलंस. पण बीपीवर चालतं, हे म्हटलंस ना. ऐकणारा पुढचं आपणच जोडतो."

वल्लरीने तिच्यासमोरच काकांना फोन केला, हेही सांगितलं पाहिजे. काका फोनवर "हो, हो, घेतो ना," म्हणाले, आणि गोळी घेतली नाही. हिमानीचा संध्याकाळी फोन आला तेव्हा ती रडत होती.

मग मात्र सुलेखाने मनावर घेतलं. सोमवारी सकाळी ती ट्रॅकवर गेली, बुटांच्या नाड्या बांधल्या, आणि कडेच्या बाकावर बसली. काका आले. आज लांबची फेरी होती. रेस महिन्यावर आली होती.

"काहून बसली? पाय दुखून राहिला का?"

"नाही. तुम्ही गोळी घ्या, मग मी पळते."

काकांना वाटलं, गंमत आहे. ते एक फेरी मारून आले. ती तिथेच. दुसरी मारून आले. ती तिथेच, मांडीवर हात ठेवून. "हे काय पोरखेळ लावले आहेत?" ते गरजले. शाळेच्या बसमधून उतरणारी चार मुलं वळून बघायला लागली. "रेस तुझी आहे. नुकसान तुझं आहे."

"बीपी तुमचं आहे," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी थंडी पडू लागली होती. ती स्वेटर घालून, डोक्याला स्कार्फ बांधून येई आणि बाकावर धरणं धरून बसे. काका तिच्याकडे न बघता फेऱ्या मारत. तिचे पाय शिवशिवत. महिनोन् महिने पहाटे उठून मिळवलेलं बळ रोज थोडं थोडं ओसरतंय हे तिला बसल्या बसल्या जाणवत होतं, आणि त्याचं तिला वाईट वाटत होतं. अगदी रडू येईल इतकं. ही रेस तिला हवी होती. लग्न, मूल, व्हिसा, नवऱ्याची बदली, यातलं काहीच नसलेली, निव्वळ तिची अशी ती एकच गोष्ट होती.

"अगं पण हे ब्लॅकमेल झालं," विनय म्हणाला.

"झालं तर झालं."

"आणि ते नाहीच ऐकले तर?"

"तर मी पळणार नाही."

विनयने तिच्या तोंडाकडे पाहिलं. रोड टेस्टच्या दिवसांपासून त्याला तो चेहरा ठाऊक होता.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी काका फेरी न मारता सरळ बाकाशी आले आणि तिच्या शेजारी बसले.

"त्या पाण्यावर माझा काही फार विश्वास नाही, सुलेखा," काका हळू आवाजात म्हणाले. "पाणी पाजून पोरं पळाली असती तर मी जन्मभर उन्हात काहून उभा राहिलो असतो? पण मला ते खरं पाहिजे होतं. इथे येऊन मी नुसता बसून राहिलो. मग तू भेटली. तू पळायला लागली तसं मलाही वाटलं, अजून आपल्यात काही आहे. आणि रोज संध्याकाळी ते सुजलेले पाय बघितले की वाटे, संपलं. मास्तर संपला. गोळी सोडली की पाय परत माझे होत."

सुलेखा त्यांच्याकडे वळली. "काका, मला पाण्याने नाही पळवलं, तुम्ही पळवलंत. हे मी पिकनिकला सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं, ती माझी चूक. पण तुम्हाला काही झालं तर मी पुन्हा या ट्रॅकवर पाय ठेवू शकणार नाही. कधीच नाही."

काका उठले. "उद्या घेतो," म्हणाले.

"आज."

दुसऱ्या दिवशी ते आले ते पाठीमागे हात बांधून. "घेतली," ते म्हणाले. तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "मास्तर खोटं बोलत नाही. ऊठ आता. किती दिवसांचं वाटोळं केलंस, काही अंदाज आहे?"

ती उठली. पळाली. पाय जड झाले होते, श्वास लागत होता, आणि काका कडेने तोंडाने तिचा उद्धार करत होते. तिला इतकं बरं वाटलं. पण मनातली शंका जाईना. वल्लरीलाही ते असंच हो म्हणाले होते. तिने हिमानीला विचारलं. हिमानी म्हणाली, "डबीतली गोळी तर रोज कमी होते ताई. पण पोटात जाते की सिंकमध्ये, कोण जाणे. आकडा थोडा उतरलाय, पण मशीनचं पाणीही चालूच आहे, त्यामुळे श्रेय त्यालाच देतील."

रेसच्या आधीच्या आठवड्यात काका ट्रॅकवर यायचेच बंद झाले. फोन केला तर म्हणाले, थंडी फार आहे. जन्मात ज्या माणसाने थंडीचं कारण ऐकून घेतलं नाही, तो थंडी म्हणत होता. रेसला तरी याल ना, तिने विचारलं. "बघू," ते म्हणाले. हिमानीला विचारलं तर तिने विषय बदलला. सुलेखाला खात्रीच वाटली, की काकांनी गोळी पुन्हा सोडली असणार आणि आता तोंड दाखवायला लाज वाटतेय. तिने विनयला रात्री सांगितलं, रेस होऊ दे, सोमवारी मी त्यांच्या घरी जाऊन बसते. ट्रॅकवरचा बाक नाही तर त्यांचा सोफा.

रेसच्या सकाळी समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. सुरुवातीला सगळे एकदम निघाले आणि थोड्याच वेळात सुलेखा मागे पडली. बाकावर घालवलेले दिवस आता पायांत बोलत होते. तिच्याहून वयस्कर बायका पुढे गेल्या, सशाचा पोशाख घालून पळणारा एक माणूस पुढे गेला, दोन तरुण मुली हसत-गप्पा मारत पुढे गेल्या. तिने ठरवलेली वेळ केव्हाच हुकली होती. आता एकच उरलं होतं, थांबायचं नाही. टेबलावरून कुणी कागदी पेल्यात साधं पाणी पुढे केलं, ते तिने पळता पळता अर्धं प्यायलं, अर्धं अंगावर सांडलं. पोटरीत गोळा आला. तरी तिने पळणं सोडून चालणं धरलं नाही. खांबामागून खांब घेत ती पुढे जात राहिली.

शेवटचा लांबलचक लाकडी रस्ता समुद्राला लागून होता. गर्दी पांगली होती. बहुतेकांची माणसं केव्हाच पोहोचली होती. कठड्याजवळ विनय उभा राहून हात हलवत होता. त्याच्या शेजारी हिमानी. आणि हिमानीच्या शेजारी, घडीच्या खुर्चीवरून उठून, कठड्याला धरून काका उभे होते.

सुलेखाची नजर त्यांच्या चेहऱ्यावर गेली आणि मग खाली. त्या वाऱ्यात, त्या थंडीत काका चपला घालून आले होते. साध्या घरातल्या चपला, आणि त्यांच्या पट्ट्यांतून दोन्ही पाय टम्म फुगून वर आले होते. घोटे दिसत नव्हते. बूट चढणं शक्यच नव्हतं. म्हणूनच ते ट्रॅकवर येत नव्हते. सुलेखाला एका क्षणात सगळं समजलं, आणि इतका वेळ एका लयीत पडणारी तिची पावलं अडखळली. डोळ्यांपुढचं सगळं पाण्याने धूसर झालं.

"ताई, रोज घेतात! तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती!" हिमानी ओरडत होती. "मंगळवारी डॉक्टर गोळी बदलून देणारेत!"

सुलेखा रडत होती आणि तिची मान वळलेली होती ती वळलेलीच होती. काकांनी कठडा सोडला, सुजलेल्या पायांवर ताठ उभे राहिले, आणि शाळेचं मैदान ओलांडून जावा तसा आवाज लावला.

"माझ्या पायांकडे काय बघून राहिली? समोर बघ, सुलेखा! समोर!"